तीन नंबरची कुपी

आमचं घर एका खोलीचं होतं. माळ्यावर सुक्या बोंबलांच्या गोण्या आणि माळ्याखाली आम्ही तिघं. पावसाळ्यात माळ्यावर गळायचं, म्हणून ओल धरू नये यासाठी त्या गोण्या खाली काढून खाटेवर ठेवल्या जायच्या आणि आम्ही जमिनीवर झोपायचो. घरात खाट एकच होती आणि वर्षातले चार महिने ती बोंबलांची असायची.

वळ गावात तेव्हा गोदामं नुकती उभी राहत होती. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी त्या दिल्या, बंगले बांधले, दारात गाड्या आणल्या. आमची जमीन नव्हती. आम्ही त्याच गावचे, त्याच आडनावाचे, पण आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, त्यामुळे गोदामवाले आले तेव्हा आमच्या दारात कुणी थांबलं नाही. बाबा जवळच्या कामतघरला लूमवर, यंत्रमागावर, बारा तासांची ड्युटी करायचे. आई सकाळी बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची आणि दुपारनंतर उरलेली पाटी डोक्यावर घेऊन कामतघरच्या चाळींतून फिरायची. लूमच्या आवाजानं बाबांचे कान हळूहळू गेले. पुढे लूमही गेले, मालकानं ते भंगारात काढले. बाबा घरी बसले आणि घर आईच्या पाटीवर आलं.

शाळेत माझ्या बाकावर दुसरी मुलगी टिकत नसे. बाईंनी बसवली तरी मधल्या सुट्टीनंतर ती दुसरीकडे गेलेली असायची. त्याबद्दल मी रडले वगैरे नाही. बाक पूर्ण मिळायचा, वह्या पसरून लिहिता यायचं. पण वास या गोष्टीचा मी तेव्हापासून विचार करायला लागले, एवढं खरं. आपल्याला येत नाही तो आपला वास दुसऱ्याला कसा येत असेल, हे मी बाकावर एकटी बसून शोधायची.

आईला मात्र सगळं यायचं. घाऊक बाजारात ती गोणीत हात घालून मधलाच एक बोंबील काढायची, मानेपाशी मोडायची आणि नाकाशी न्यायची. मग व्यापाऱ्याकडे नुसती बघायची. व्यापारी लगेच म्हणायचा, "मावशी, ती नको, ही बघ." कुठला माल पहिल्या उन्हात सुकलाय, कुठला आभाळ आलेलं असताना, कुठल्या गोणीला ट्रकमध्ये पाणी लागलंय, हे ती सांगायची आणि ते खरं निघायचं. शिकली होती दुसरीपर्यंत. सही करायची, पण तिला अर्धं मिनिट लागायचं आणि तेवढा वेळ कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. निकालाच्या दिवशी आईनं बाजारात आजूबाजूच्या सगळ्या बायकांना पेढे दिले, आणि बाबांना बातमी सांगायला मला इतकं ओरडावं लागलं की निम्म्या गावाला परस्पर कळलं.

राहनाळला एका परफ्युम कंपनीचं गोदाम होतं. बाहेरून सुगंधी तेलं यायची, इथे स्पिरिटमध्ये मिसळून, मुरवून, बाटल्यांत भरून पुढे जायची. मला तिथे लॅबमध्ये नोकरी लागली. दोन वर्षं मी मापं घेतली, बाटल्या हलवल्या. मग साहेबांनी मला स्मेल टेबलावर बसवलं.

साहेब उत्तरेकडचे, पिढीजात अत्तरवाले, सत्तरीला टेकलेले. सुट्टीच्या दिवशी कानात अत्तराचा फाया, कामाच्या दिवशी कधीही नाही. एसीच्या खोलीत एक लांब टेबल, त्याला पाच खुर्च्या, तेच स्मेल टेबल. नवा वास तयार झाला की त्याच्या छोट्या कुप्या आम्हाला मिळायच्या. कुपीवर फक्त नंबर. आत काय आहे ते साहेबांच्या वहीत. शिवाय प्रत्येक वेळी एक कुपी खोटी असायची. म्हणजे नुसतं स्पिरिट, रंग तेवढा बाकीच्यांसारखा. कुणी न हुंगताच अभिप्रायाचं शीट भरत असेल तर तो तिथे सापडावा, म्हणून. टेबलाचे नियम कडक होते. अंगाला वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही, जेवणात कच्चा कांदा नाही. सर्दी झाली तर टेबलावर यायचं नाही. आणि टेबलावर बसण्यासाठी जो फॉर्म भरायचा, त्यात शिक्षणाचा रकाना होता. त्याच्यापुढे छापलेलं होतं, किमान पदवीधर.

तो रकाना भरताना मला किती बरं वाटलं होतं, ते आज लिहायला जड जातं.

पहिलं वर्षभर मी घरून निघताना एक कपडे घालायची आणि गोदामात पोचल्यावर दुसरे. दुसरे कपडे तिथेच लॉकरमध्ये असायचे, बोंबलांपासून लांब.

मग तो वास आला. गोड संत्र्याचा आणि त्याच्या मागून संत्र्याच्या फुलाचा. उन्हाळ्यात विकायचा होता, कामावर जाणाऱ्या बायकांसाठी, स्वस्तातला. साहेबांचा नियम असा की कागदाच्या पट्टीवर घेतलेला वास म्हणजे नुसती ओळख. परफ्युम अंगावर घालून दिवस काढल्याशिवाय त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही. शीटवर चार ओळी असायच्या: लावल्याबरोबर, तासाभरानं, चार तासांनी, दिवस संपताना. कुपी घरी नेली तरी चालायची.

मी ती मनगटावर लावली, एसीत बसून चार वेळा हुंगली आणि लिहिलं, छान, ताजा, हलका. बाकीच्यांनीही तेच लिहिलं. साहेबांनी शीटं बाजूला सारली. म्हणाले, "तुम लोगों ने संतरे का फूल कभी सूंघा है?" कुणीच हुंगलेलं नव्हतं. संत्रं आम्ही सोलून खाल्लेलं, फूल कुठे बघायला मिळणार. पुस्तकात वाचलेला शब्द आम्ही शीटवर उतरवत होतो.

उरलेली कुपी मी घरी नेली. आई ओट्यावर बोंबलांच्या जुड्या बांधत बसली होती. मी सहज तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे मासळीचा हात लागत नाही तिथे, थेंबभर लावला. तिनं नाक नेलं, परत नेलं. म्हणाली, "पैली तर संत्र्याची गोली हाय. शाळंबाहेर मिलायची ती." मग जुडी बांधत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा हात वर केला. "हे पपनसाचं फूल हाय गो."

तिच्या माहेरी, खाडीच्या पलीकडे, घरामागे पपनसाचं झाड होतं. मोहोर आला की त्या मुली तो केसांत घालायच्या. पपनस आणि संत्रं एकाच कुळातलं, हे मला कॉलेजच्या पुस्तकातून माहीत होतं. तिला झाडावरून.

मी विचारलं, मग बरोबर आहे का.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्ये दुकानातलं फूल हाय, झाडावरचं न्हाय. झाडावरच्याला खाली जरा घान असते. गोठ्यासारखी. शेनासारखी. ती हाय म्हनून तं ते गोड लागते. ह्यांनी ती घान काढून टाकली, आता ह्याचा साबन झाला."

मी ते शीटवर लिहिलं. तिच्या शब्दांत नाही, ऑफिसच्या शब्दांत. फुलाखालचा जनावरी अंश कमी आहे, त्यामुळे वास साबणाकडे झुकतो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. विचारलं, "ये तुझे किसने बताया?"

मी म्हटलं, "लगा साहब."

दोन शब्द. तिथेच सुरुवात झाली.

त्यानंतर त्या वासाचे तीन ट्रायल आले आणि तिन्ही मी आईकडे नेले. ती आता नीट अंगावर घालू लागली. सकाळी आंघोळ झाली की कोपराच्या आत एक थेंब, मग बाजार, मग पाटी डोक्यावर घेऊन चाळी, मग घर. एसीतल्या आमच्या मनगटांवर जे कळत नव्हतं ते तिच्या घामात आणि उन्हात कळायचं. संध्याकाळी ती मला दिवस सांगायची. तिच्या वेळा घड्याळाच्या नव्हत्या. गोळी गेली ती टोपलीचा पहिला ग्राहक आला तेव्हा. फूल आलं ते दुपारच्या अजानला. चाळीचे जिने चढताना फूल बसलं आणि खाली नुसतं गूळपाणी राहिलं. मी तिच्या अजानचे तास करायची आणि शीटच्या चार ओळी भरायची.

बाजारातल्या बायकांना हा मोठा खेळ झाला. शेजारची एक जण म्हणे रोज तिचा हात ओढून हुंगायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "काय गो, म्हाताऱ्यानं पुन्यांदा मांडव घातला का?" गिऱ्हाईक भाभ्या विचारायच्या, मौसी, बोंबील में क्या डालती हो. आई त्यांना सांगायची, मेरी लडकी का कंपनी का काम है, मैं टेस्ट करती.

असंच सांगायची. मी टेस्ट करते.

साहेब काय बोलले, हे तिला रोज हवं असायचं. आणि मी सांगायची. साहेब म्हणाले, तुझ्या आईचं नाक सोन्याचं आहे. साहेब म्हणाले, गोठ्याचं बरोबर पकडलं त्यांनी. साहेबांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. साहेबांना माझी आई जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले होते ते मला, माझ्या नाकाबद्दल, आणि त्यावर मला टेबलाची सिनियर केलं होतं. मी घरी येऊन ते शब्द आईला वाटून द्यायची. वाटलं, तिचं तिला पोचलं, माझं मला पोचलं, कुणाचं नुकसान नाही.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "मना ने ना एकदा तिथं."

मी विचारलं, कुठे.

"त्या टेबलावर. साहेब वलखतोच ना मना. मी गप बसंन, खुर्चीवर. लुगडं नवीन नेसंन." मग जरा थांबून म्हणाली, "म्हावऱ्याचा हात बेसन लावून धुईन, लिंबू लावीन. वास न्हाय यायचा."

हे शेवटचं वाक्य तिला बोलावं लागलं, याचा अर्थ कपड्यांची अदलाबदल तिला माहीत होती.

मी म्हटलं, "तिथं पदवी लागते, आये."

"वास घ्याला पदवी?" ती हसली. खरंच तिला गंमत वाटली होती. बाबांना ओरडून सांगितली तिनं ती. बाबा म्हणाले, "मंग तुजा नाक नापास." आणि दोघं हसले.

रकाना छापलेला होता हे खरं. पण त्याच महिन्यात आमच्यातला एक जण नोकरी सोडून गेला होता आणि साहेबांनी टेबलावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणाच्या माहितीत चांगलं नाक आहे का. म्हणाले होते, "डिग्री का मैं देख लूंगा. नाक लाओ." आणि माझ्याकडे बघून खास विचारलं होतं, तुझ्या घरी वगैरे कुणी. मी म्हटलं होतं, नाही साहेब, कुणी नाही.

कारण ती आली असती तर पहिल्याच दिवशी गोठा म्हणाली असती. शेण म्हणाली असती. आणि साहेबांना माझी सगळी शीटं आठवली असती. हे एक कारण. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. ती खुर्चीवर बसून कुपी नाकाशी नेताना बाकीचे तीन पदवीधर एकमेकांकडे बघतील, ते मला बघायचं नव्हतं. शाळेचा बाक मी एकदा सोडला होता. परत त्या बाकावर बसायची माझी तयारी नव्हती, आईसाठीसुद्धा नाही.

ती खुर्ची मग कुणाच्या तरी नात्यातल्या मुलाला मिळाली. कुणाच्या, ते महत्त्वाचं नाही. त्या मुलाला लिंबू आणि मोसंबी यांतला फरक सांगता येत नव्हता. बी.कॉम. होता.

कोरोना आला. गोदाम बंद झालं, त्या वासाची फाइलही बंद झाली. दुसऱ्या लाटेत आईला ताप आला, आठ दिवस राहिला, उतरला. ऑक्सिजन वगैरे लागला नाही. आम्ही देवाचे आभार मानले. महिन्याभरात ती पुन्हा बाजारात बसली. थोडी गप्प झाली होती, पण तेव्हा सगळेच गप्प होते.

पुढच्या हिवाळ्यानंतर साहेबांनी ती फाइल परत काढली. पाचवा ट्रायल. त्याच उन्हाळ्यात बाजारात जायलाच हवा होता. तीन कुप्या मिळाल्या, दोन दिवसांनी शीटं द्यायची होती. मला तेव्हा सर्दी झाली होती. नियमानं मी टेबलावरून उठायला हवं होतं. मी उठले नाही. मला काय गरज होती नाकाची? घरी होतं की.

तिन्ही कुप्या मी आईला दिल्या. तिनं एक उजव्या कोपरात लावली, एक डाव्या कोपरात, एक मनगटाच्या वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. एक नंबरला ती म्हणाली, बरी हाय, जरा गोड जास्त. दोन नंबरला म्हणाली, ह्यात संत्रं जास्त हाय. तीन नंबरला जरा वेळ लावला. मनगट नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"हीच," म्हणाली. "आता फूल बराबर आलं. खालची घान बी आली. झाडावरचं हाय ह्ये. चार वाजंपरेंत होतं."

मी लिहिलं. अगदी सुबक लिहिलं. संत्र्याचा गोडवा पहिल्या अर्ध्या तासात, मग फूल उमलतं, त्याखाली अपेक्षित जनावरी अंश आता पुरेसा, चार तासांनंतरही टिकतो. तीन नंबरची शिफारस. तिन्हींत एक कुपी खोटी असणारच, हे लिहिण्याच्या नादात मी विसरलेच.

शीटं उघडायची पद्धत अशी. साहेब एकेक शीट वाचून दाखवतात आणि शेवटी वहीतून नंबर फोडतात. त्या दिवशी बाकीच्या चौघांनी तीन नंबरपुढे एकच शब्द लिहिला होता. खोटी. बी.कॉम.वाल्यानंसुद्धा.

साहेबांनी माझं शीट वाचायला घेतलं, एक ओळ वाचली आणि थांबले. बाकीच्यांना म्हणाले, चहा पिऊन या. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. त्यांनी शीट माझ्याकडे फिरवलं आणि वहीचं पान दाखवलं. तीन नंबर, स्पिरिट.

"इतना अच्छा लिखा है तूने," ते म्हणाले. "किस चीज़ के बारे में लिखा?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शरमसुद्धा वाटली नाही. मी आईचे मिटलेले डोळे बघत होते. मनगट नाकाशी धरून ती काय करत होती, ते माझ्या डोक्यात आता एकेक करून येत होतं. गेल्या वर्षभरात तिनं घाऊक बाजारात बोंबील मोडून हुंगला नव्हता, नखानं दाबून बघायची. पावसाळ्यात एक गोणी ओली निघाली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि आम्ही सगळ्यांनी व्यापाऱ्याला शिव्या दिल्या होत्या.

घरी पोचले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मी काही प्रस्तावना केली नाही. विचारलं, "आये, तुला वास येत नाही?"

तिनं सुपाकडेच बघितलं. "तापापासून न्हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? डॉक्टर बोलला, येईल. न्हाय आला."

बाबा दारात बसले होते. त्यांना शब्द ऐकू आले नसतील, पण आमची तोंडं बघून विषय कळला. मोठ्यानं म्हणाले, "मी सांगतो ना तिला, दूध लागलं म्हनून. मना ऐकू येत न्हाय, तिला वास येत न्हाय. एका घरात दोन मानसं मिलून एक मानूस हाय."

म्हणजे त्यांना माहीत होतं. बाजारातल्या बायकांना माहीत होतं, शेजारचीच तिच्या गोण्या हुंगून द्यायची. मला माहीत नव्हतं. वासाच्या टेबलाची सिनियर मी.

मी म्हटलं, मला तरी कुप्या आणल्या तेव्हा सांगायचंस.

ती म्हणाली, "सांगितलं असतं तं तू कुप्या आनाची बंद झाली असतीस. तुज्या त्या कागदावर माजं काय तरी जायचं. साहेबाला वाटलं असतं, बाईचं नाक गेलं, आता काय उपेग." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "काय बोलला साहेब? चुकलं का माजं?"

हे विचारताना तिचा चेहरा जसा झाला, तसा तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. सही करतानासुद्धा नाही.

मी तिला सगळं सांगितलं. साहेबांना तू माहीतच नाहीस. कागदावर नाव माझं जायचं. साहेब म्हणाले म्हणून जे जे सांगितलं ते ते मी रचलं. पदवीचं खरं होतं, पण साहेब ती सोडायला तयार होते, आणि मी म्हटलं, घरी कुणी नाही.

ती ऐकत होती आणि बोटं तांदळात फिरत होती. दोनतीन खडे तिनं काढून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "म्हंजे त्याला वाटलं, शेन तुला वलखता येते?"

मी मान डोलावली.

"तू तं शाळंत जाताना गोठ्याच्या बाजूनं बी जायची न्हायस. नाक दाबून लांबून जायचीस." एवढं बोलून ती उठली आणि तांदूळ धुवायला मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. तिघांच्या तांदळाला तेवढं पाणी लागत नाही.

ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. रागावली असती तर मला बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. पहिल्या शीटपासून. राजीनामा लिहूनच नेला होता. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "अम्मी को लाई क्यों नहीं?"

मी म्हटलं, "सूखी मछली बेचती है, साहब."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आई ओल्या गोणीच्या व्यापाऱ्याकडे बघायची. म्हणाले, "मेरे दादा इत्र चमड़े के कुप्पे में भरते थे. चमड़ा खुद भिगोते थे, खुद साफ करते थे. उनके हाथों से क्या बास आती होगी, सोच."

राजीनामा त्यांनी घेतला नाही. सिनियरपद काढून घेतलं. ते योग्य झालं, मी त्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. आईला मात्र त्यांनी बोलावलं. गाडी पाठवतो म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं, या वेळी न रचता, त्यांचेच शब्द. आई म्हणाली, "आता येऊन काय बगू? खुर्च्या?" आणि आली नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही.

तो वास अखेर तयार झाला तो तिच्या जुन्या शब्दांवर. साहेबांनी जुनी शीटं काढायला लावली आणि मला म्हणाले, अम्मी जे बोलल्या ते त्यांच्याच भाषेत लिही. मी लिहिलं: गोळी, पपनसाचं फूल, गोठा, साबण, गूळपाणी. त्यावरून त्यांनी सहावा ट्रायल केला, खाली ती घाण घातली, चिमूटभर. मी सर्दी नसताना तो अंगावर घालून रिक्षा न करता उन्हात राहनाळपासून चालत घरी गेले. दुपारच्या अजानला फूल आलं. मला पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नाकानं ते कळलं, आणि ज्या माणसाला सांगायचं ते माणूस समोर असून त्याला हुंगायला देता येत नव्हतं.

आमच्या घरी त्याची एक बाटली आहे. आई सकाळी आंघोळीनंतर कोपराच्या आत लावते. मी एकदा तिच्यासोबत बाजारात बसले होते, सुट्टी होती. ती अधूनमधून शेजारणीपुढे हात करते आणि विचारते, "आता काय हाय?" शेजारीण हुंगते. "गोली हाय अजून." तासाभरानं पुन्हा हात. "आता फूल आलं बग." आई मान हलवते आणि बोंबील मांडत राहते. माझ्यापुढे तिनं हात केला नाही. मी शेजारीच बसले होते.

टेबलाला आता सहा खुर्च्या आहेत. तिघी पॅकिंगमधल्या बायका आहेत. एक कामतघरची, लूम कामगाराची बायको, चौथी पास. एक राहनाळचीच, भाजी विकायची. तिसरी शाळेतच गेलेली नाही. त्यांची शीटं मी लिहून घेते, त्या बोलतात त्या शब्दांत, आणि वर नाव त्यांचं घालते. फॉर्मवरचा शिक्षणाचा रकाना मी काढायला लावला. त्यासाठी साहेबांकडे अर्ज केला, तो मंजूर झाला, नवा फॉर्म छापून आला.